चोवीस रंगांची पेटी नको, सहा ट्यूब पुरतात

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीतल्या छंदवर्गांची माहिती आपल्या अंकात येते. वेळ, फी, वयोगट सगळं त्यात असतं. सामान काय आणायचं हे मात्र वर्गवाल्यांच्या पत्रकात एका ओळीत उरकलेलं असतं : ‘ॲक्रेलिक सेट, ब्रश सेट, कॅनव्हास’. या एका ओळीवर विसंबून पालक साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून नाहीतर राजवाड्याजवळून चोवीस रंगांची पेटी घेऊन येतात, आणि गणपती येईतो तिच्यातला पांढरा संपून बाकीची पेटी माळ्यावर जाते. निवृत्तीनंतर हौसेनं ब्रश हाती घेणाऱ्यांचंही तेच होतं. ‘आपल्याला काही जमत नाही’ असं माणूस म्हणतो, तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष सामानाचा नाहीतर पाण्याचा असतो. म्हणून पिशवीत काय असावं आणि ते कसं वापरावं, एवढंच या पत्रात लिहितो आहोत.

आधी रंग. चोवीसच्या पेटीत प्रत्येक ट्यूब बोटाएवढी, आणि पांढराही तेवढाच. ॲक्रेलिकमध्ये जेवढा रंग लागतो त्यातला तिसरा हिस्सा तरी पांढराच जातो. उलट पेटीतले तीन हिरवे, दोन जांभळे, गुलाबी आणि ‘स्किन’ नावाचा रंग यांची गरज नसते, कारण ते सगळे मिसळून होतात. त्याऐवजी सुट्या ट्यूब घ्याव्यात : टायटॅनियम व्हाइट १२० मिलिची एक, आणि लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) या ४० मिलिच्या एकेक. झेंडू, शेंदूर, पळस रंगवायचा असेल तर सातवी व्हर्मिलियनची (शेंदरी), कारण लेमन यलोत क्रिमसन घालून होणारा नारिंगी जरा मळकट येतो. काळा मुद्दाम यादीत नाही. त्याचं कारण पुढे येईल. दुकानदारांनी सुट्या ट्यूब दर्शनी ठेवल्या तर निम्मं काम होईल. आज त्या मागून काढाव्या लागतात आणि पेटी पुढे मांडलेली असते.

ट्यूब घेताना पाठीमागचं बारीक अक्षर वाचावं. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो : पांढऱ्यावर पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीनवर पीबी २९, ऑकरवर बहुधा पीवाय ४२, अंबरवर पीबीआर ७. एकच क्रमांक असलेला रंग मिसळताना स्वच्छ राहतो. तीन क्रमांक असतील तर तो आधीच मिश्रण आहे, त्यात आणखी दोन रंग घातले की चिखल होणार. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ महाग रंगद्रव्याऐवजी स्वस्त पर्याय वापरला आहे असं समजावं. नवशिक्यानं त्याला घाबरायचं कारण नाही. कॅडमियमचा विषारीपणा लक्षात घेता लहान मुलांच्या हाती ‘ह्यू’च बरा. कापडावर रंगवायच्या छोट्या बाटल्यांतला रंगही ॲक्रेलिकच असतो, पण तो मऊ आणि पातळ ठेवलेला असतो. कॅनव्हासवर तीन हात दिले तरी खालचं दिसत राहतं. तो कुर्ता-ओढणीसाठीच ठेवावा.

आता काळ्याबद्दल. अल्ट्रामरीन दोन भाग आणि बर्न्ट अंबर एक भाग मिसळला की ट्यूबमधल्या काळ्याच्या अगदी जवळचा गडद रंग मिळतो. निळा वाढवला की तो थंड होतो, तपकिरी वाढवला की ऊबदार. मेणवलीच्या किंवा वाईच्या घाटाचा दगड रंगवायला बसलेल्यांना याचं मोल लगेच कळतं. तो बेसाल्ट काळा म्हणतात, पण उन्हातली पायरी पांढऱ्यात ऑकर आणि या गडद मिश्रणाचा थेंबभर अंश घालून येते, सावलीतली पायरी निळसर राखाडी असते, आणि पाण्याला लागून असलेली ओली पायरीच तेवढी खरोखर गडद. तिन्ही एकाच ट्यूबच्या काळ्यानं रंगवल्या की घाट कोळशाचा दिसतो. हिरव्याचंही तसंच. लेमन यलोत थोडा अल्ट्रामरीन घातला की उसाच्या कोवळ्या पात्याचा हिरवा येतो, ऑकरमध्ये घातला की उन्हाळ्यातल्या यवतेश्वरच्या डोंगरउताराचा. पिवळ्यात निळा घालावा, निळ्यात पिवळा नव्हे. गडद रंग फिक्यावर फार लवकर चढतो, उलट्या बाजूनं गेलात तर निम्मी ट्यूब संपते आणि हवा तो रंग येतच नाही. पुढे थॅलो ब्लू हा फार जोरकस निळा घ्याल तेव्हा तर हे डोक्यात पक्कं ठेवा. काडीच्या टोकावर येईल एवढा थॅलो बोराएवढ्या पांढऱ्याला पुरून उरतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन आलेल्या मुलांचा हात जलरंगावर आणि पोस्टर कलरवर बसलेला असतो. ते सवयीनं ॲक्रेलिकही तसंच वापरतात, आणि गाडं तिथंच अडतं. जलरंगाचा बांधक, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा पदार्थ, डिंक. तो वाळला तरी पाण्यानं पुन्हा सुटतो, म्हणून वडी ओली करता येते, चुकलेला रंग ओल्या ब्रशनं उचलता येतो. ॲक्रेलिकचा बांधक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. त्यानंतर पाण्यानं तो विरघळत नाही. त्यामुळे पॅलेटवर वाळलेला रंग गेलाच, कपड्यावर वाळलेला राहिलाच आणि ब्रशमध्ये वाळलेला ब्रश घेऊन गेला. पण याच गुणामुळे वाळलेल्या थरावर बिनधास्त दुसरा थर देता येतो, गडदावर फिका चढवता येतो, चूक झाली तर पांढरा फासून पुन्हा सुरुवात करता येते. जलरंगात कागदाचा पांढरा राखून ठेवावा लागतो. इथे उजेड शेवटी ठेवला तरी चालतो.

हा बांधक ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. म्हणून ॲक्रेलिक वाळलं की गडद दिसतं. जलरंग वाळून फिका होतो, त्यामुळे सवयीनं गडद मिसळणाऱ्यांचं आकाश दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झालेलं असतं. उपाय सोपा आहे. मिसळलेल्या रंगाचा एक पट्टा टाकाऊ कागदावर ओढावा, केस वाळवायच्या ड्रायरनं मिनिटभर वाळवावा, आणि त्याशेजारी ओला पट्टा ठेवून पाहावा. फरक कळला की तेवढा पांढरा आधीच वाढवायचा. अंबर आणि पांढरा या दोनच रंगांत काळोख ते उजेड अशा नऊ पायऱ्या मारून, वाळवून, शेजारी शेजारी बघितल्या की पुढच्या निम्म्या चुका टळतात. मुलांना हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण चित्राआधी तो करून घ्यावाच.

पाण्याचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. जेसो (रंग धरावा म्हणून आधी मारायचा पांढरा अस्तराचा लेप) मारलेल्या कॅनव्हासवर पहिला पातळ हात देताना पाणी सढळ चालतं, कारण जेसो ते शोषून घेतो. त्यापुढे मात्र रंग दोन भाग आणि पाणी एक भाग ही हद्द समजावी. पाणी जास्त झालं की प्लास्टिकचे कण इतके विरळ होतात की सलग पापुद्रा धरत नाही. रंगद्रव्य नुसतं भुकटीसारखं वर बसतं, दुसरा हात देताना ओल्या ब्रशबरोबर उठून येतं आणि कॅनव्हासवर ओघळांच्या कडा दिसतात. गुळगुळीत पृष्ठभागावर किंवा आधीच्या वाळलेल्या थरावर हे फार लवकर होतं. रंग पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रेलिक मीडियम घालावं. ते म्हणजे रंगाविना बांधकच, त्यामुळे कितीही घातलं तरी थर कमजोर होत नाही. सुरुवातीला ग्लॉस मीडियमची एक छोटी बाटली पुरते. रिटार्डर म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य हवंच असेल तर सहा-सात भाग रंगाला एक भाग, त्याहून जास्त नको. जास्त झालं की थर कितीतरी दिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे पंख्याखाली रंगवलं तर पातळ हात पाच-दहा मिनिटांत वाळतो, पॅलेटवरचा रंगही तसाच. त्यासाठी विकतचं काही आणायला नको. झाकणाचा पसरट प्लास्टिकचा डबा घ्यावा, तळाशी पाण्यात भिजवून हलका पिळलेला सुती पंचा किंवा पेपर नॅपकिनचे चार पदर अंथरावेत, त्यावर स्वयंपाकातला बटर पेपर पसरावा आणि रंग त्या कागदावर काढावा. खालची ओल कागदातून हळूहळू वर येते आणि रंग दिवसभर ओला राहतो. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो. पंचा ठिबकण्याइतका ओला ठेवू नये, नाहीतर रंग पसरतो. दोन-तीन दिवसांनी तो बदलावा, डब्याला वास यायला लागतो. रंग काढताना पांढरा बोराएवढा, बाकीचे हरभऱ्याएवढे. एकदम भरपूर पिळून ठेवण्याचा मोह फार होतो. ट्यूबच्या तोंडाशी रंग राहिला तर फडक्यानं पुसून झाकण लावावं. घट्ट बसलेलं झाकण गरम पाण्यात मिनिटभर बुडवलं की सुटतं, पकड लावून पिळलं की ट्यूबच मानेशी फाटते. बरणीतल्या रंगात पाणी ओतून ‘वाढवून’ ठेवू नये, त्याला बुरशी येते.

ब्रश दहाच्या सेटमध्ये घेऊ नयेत. त्यातले सहा कधी वापरलेच जात नाहीत. सिंथेटिक केसांचे चारच घ्या : एक ते दीड इंची चपटा आकाशासाठी आणि जेसोसाठी, १० किंवा १२ नंबरचा चपटा, ६ नंबरचा गोल आणि २ नंबरचा गोल. खारीच्या केसांचे मऊ ब्रश जलरंगाला छान, पण दाट ॲक्रेलिक त्यांना पेलत नाही, ते लोळागोळा होतात. डुकराच्या केसांचा राठ ब्रश दाट रंगाला आणि दगड-माती-झाडीच्या पोताला चांगला, तो नंतर घेता येईल. ब्रश कसा मरतो ते नीट बघण्यासारखं आहे. वरवर धुतलेल्या ब्रशची टोकं स्वच्छ दिसतात, पण जिथे केस पत्र्याच्या टोपणात शिरतात तिथे रंग साठून वाळलेला असतो. दर वेळी तिथे एक थर वाढतो, केस मुळापासून फाकत जातात, आणि मग चपटा ब्रश केरसुणीसारखा पसरतो, गोलाला टोक राहत नाही. म्हणून रंग भरताना ब्रश निम्म्याच्या वर बुडवू नये, काम चालू असताना न वापरलेला ब्रश आडवा करून ओल्या फडक्यावर ठेवावा, आणि शेवटी साध्या साबणानं तळहातावर गोल फिरवत टोपणाजवळून फेस पांढरा येईपर्यंत धुवावा. गरम पाणी वापरू नये, रंग आत घट्ट बसतो. पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा करून ठेवलेला ब्रश तासाभरात वाकडा होतो आणि दांड्याचा लाकडी भाग फुगून वरचा रंग सोलतो. वाळून गेलेला ब्रश वाचवायचाच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून बघावा. कधी वाचतो, कधी नाही.

कशावर रंगवायचं याबद्दल तर फारच गैरसमज. सरावाला ३०० जीएसएमचा जाड कागद उत्तम. चारी बाजूंनी कागदी टेपनं पाटीवर डकवावा म्हणजे वाकत नाही. त्यानंतर कॅनव्हास बोर्ड किंवा एमडीएफचा तुकडा. ताणलेला कॅनव्हास तिसऱ्या टप्प्यावर. तयार कॅनव्हास घेताना त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघावा. थेंब पसरून हळूहळू मुरला तर ॲक्रेलिकसाठी ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर त्यावर तेलकट प्रायमर आहे, तो तैलरंगाचा कॅनव्हास. त्यावर ॲक्रेलिक धरत नाही, वर्षाच्या आत नखानं सोलून निघतं. ॲक्रेलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रेलिक कधीच नाही.

घरी कॅनव्हास करायचा तर मांजरपाट चालतो, मात्र जाडसर घ्यावा. आधी गरम पाण्यातून काढून त्यातली खळ पूर्ण घालवावी, म्हणजे कापड आटायचं तेही आटून जातं. वाळवून, इस्त्री करून चौकटीवर ताणताना खिळे किंवा स्टेपल एका बाजूला रांगेनं मारत जाऊ नये. चारी बाजूंच्या मध्यावर एकेक, मग समोरासमोर कोपऱ्यांकडे सरकत जायचं. असं केलं नाही की कोपऱ्यात तिरप्या सुरकुत्या राहतात आणि त्या नंतर जात नाहीत. त्यावर जेसोचे तीन हात : पहिला थोडं पाणी घालून उभा, वाळल्यावर दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. प्रत्येक हातानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासावं आणि ती धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी, फुंकू नये. १२ बाय १६ इंचाच्या कॅनव्हासला एका हाताला साधारण २० मिलि जेसो लागतो, म्हणजे अर्धा लिटरचा डबा असे आठ कॅनव्हास आरामात करतो. एमडीएफ आणि हार्डबोर्डला जेसोच्या आधी ग्लॉस मीडियमचे दोन हात द्यावेत. लाकडातला पिवळट अंश ओलीबरोबर वर चढतो आणि फिक्या रंगात डाग दिसतो. मागची बाजूही रंगवून घ्यावी, नाहीतर पाटी एका बाजूला वाकते.

जेसो महाग पडतो म्हणून खडूची भुकटी आणि फेव्हिकॉल कालवणारे आहेत, भिंतीचा प्रायमर मारणारेही आहेत. कडक पाटीवर सरावासाठी चालवून घ्या. ताणलेल्या कापडावर नको. कापड हलतं, भुकटी जास्त झालेला थर हलत नाही, आणि मग जाळीसारख्या भेगा पडतात. याच कारणानं सध्या फॅशनमध्ये असलेलं भिंतीच्या पुट्टीचं ‘टेक्स्चर’ काम कॅनव्हासवरून खपल्या होऊन पडतं. पुट्टी एमडीएफवरच करावी. कॅनव्हासवर उठाव हवा तर ॲक्रेलिकची मॉडेलिंग पेस्ट घ्यावी, आणि तीही एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच, पहिला थर पूर्ण वाळल्यावर दुसरा.

ज्या एका ठिकाणी बहुतेकांचं चित्र बिघडतं ते म्हणजे आकाश. वरून गडद निळं, क्षितिजाशी फिकं होत जाणारं आकाश जलरंगात पाणी करून देतं. ॲक्रेलिकमध्ये ते दोन-तीन मिनिटांत आटपावं लागतं, म्हणून तयारी आधी. पॅलेटवर तीन ढीग करून ठेवावेत : वरचा अल्ट्रामरीन आणि पांढरा, मधला त्याच मिश्रणात दुप्पट पांढरा, खालचा जवळजवळ पांढरा, त्यात ऑकरची किंवा क्रिमसनची जेमतेम झाक. तिन्ही एकसारखे, ताज्या सायीएवढे दाट. ढीग पुरेसे मोठे हवेत, मध्येच संपला आणि नवा मिसळला की तोच रंग पुन्हा येत नाही. कॅनव्हासवर स्प्रेच्या बाटलीनं धुक्याएवढं पाणी मारून मोठ्या चपट्या ब्रशनं पसरावं. ओघळ दिसले तर पाणी जास्त झालं, पुसून घ्यावं. मग वरून आडव्या फटक्यांनी पहिला रंग, ब्रश न धुता फक्त फडक्यावर टिपून दुसरा, तसाच तिसरा. पट्टे जिथे भेटतात तिथे गुणिले चिन्हासारखे आखूड तिरपे फटके मारत वरून खाली यावं, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं आडवा हलका हात फिरवून थांबावं.

थांबणंच जमत नाही. रंग अर्धवट वाळला की ब्रश जड लागायला लागतो, खाली किंचित ओढल्यासारखं होतं. ती खूण आहे. त्यानंतर मारलेला प्रत्येक फटका वरचा कच्चा पापुद्रा उचलून नेतो आणि खालचा जेसो उघडा पाडतो. त्यावर रंग भरायला गेलं की कडांना गुठळ्या जमतात. पट्टा दिसतोय, दिसू द्यावा. पूर्ण वाळू द्यावं, ड्रायर लावला तर थंड हवेवर, आणि मग तेच तीन ढीग घेऊन दुसरा हात द्यावा. पहिल्या हातात दिसणारे पट्टे दुसऱ्यात जवळजवळ नाहीसे होतात. कुठलंही सपाट ॲक्रेलिक दोन हातांचंच असतं, हे एकदा मान्य केलं की जीव शांत होतो.

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं हे संग्रहालय आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक चित्र शिकणाऱ्यानं बघावंच. मात्र तिथल्या गालावरची छाया बघून घरी ॲक्रेलिकमध्ये तशीच ओल्यात ओली मिसळायला जाऊ नये. ती चित्रं तैलरंगातली. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, तिथे ब्रशला सवड असते. पाण्यात मिसळणारं ॲक्रेलिक हे माध्यमच १९५०च्या दशकात बाजारात आलं. त्यात तो मऊपणा थरांनी आणायचा. आधी छाया-उजेड दोन-तीन सपाट छटांत मांडावा, वाळवावा, मग एक भाग रंग आणि आठ भाग ग्लॉस मीडियम असा पारदर्शक हात वर द्यावा, पुन्हा वाळवावा, पुन्हा द्यावा. अशा हाताला अल्ट्रामरीन, क्रिमसन, अंबर हे पारदर्शक, निदान बऱ्यापैकी पारदर्शक रंग घ्यावेत. पांढरा त्यात शिरला की सगळं धुरकट होतं. लेमन यलोही पारदर्शक असल्यानं गडदावर बसत नाही. झेंडूचा हार गडद पार्श्वभूमीवर काढायचा तर फुलांच्या जागी आधी पांढरा ठिपका, तो वाळला की वर पिवळा. पिवळ्याचे पाच थर देण्यापेक्षा हे बरं.

हवामानाचं थोडं. घाटमाथ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकी ओल असते की पातळ हातही अर्धा-पाऊण तास ओला राहतो. याचा उलट फायदा घ्यावा, मिसळायला वेळ मिळतो. वार्निश मात्र या दिवसांत करू नये, थर दुधाळ होतो. चित्र पूर्ण झाल्यावर पातळ रंगाला निदान दोन आठवडे, जाड रंगाला त्याहून जास्त वाळू द्यावं आणि कोरड्या दिवशी वार्निशचे दोन पातळ हात, एक उभा एक आडवा. पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला असताना बाहेर बसून रंगवू नये. तेवढ्या गारठ्यात कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थर ठिसूळ होतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बरोबर उलटं, वाळलेला रंगही मऊ पडतो. चित्रं तोंडाला तोंड लावून रचली तर चिकटतात, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये बांधली तर प्रत्येक बुडबुड्याचा ठसा उमटतो. मध्ये बटर पेपर घालावा. काचेची चौकट करताना काच आणि रंग यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं अंतर ठेवायला फ्रेमवाल्याला आठवणीनं सांगावं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला चित्र टेकवून ठेवलं की कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते, म्हणून खाली लाकडी पट्टी आणि मागे चार बोटं जागा.

शेवटी ब्रश धुतलेलं पाणी. ते मोरीत ओततात. त्यात न वाळलेलं प्लास्टिक असतं. मोरीच्या पाइपात ते थर धरतं आणि उरलेलं गटारातून नदीला जातं. वर्गात वीस मुलं असतील तर रोज बादलीभर होतं. दोन भांडी ठेवावीत : पहिल्यात ब्रश खळबळायचा, दुसऱ्यात स्वच्छ करायचा. त्याआधी ब्रशमधला रंग जुन्या वर्तमानपत्रावर पुसून काढला (आपलाच अंक चालेल) तर निम्मा रंग पाण्यात जातच नाही. दिवसाचं पाणी एका बादलीत जमवावं. तुरटीची भुकटी थोड्या पाण्यात विरघळवून त्यात घालावी, बादलीला एक-दोन चमचे, चांगलं ढवळावं, मग चिमूट चिमूट भिजलेला चुना घालत पुन्हा ढवळावं. चुना मोठ्या माणसानं हाताळावा. रंगाच्या गुठळ्या होऊन तळाशी बसायला लागतात. रात्रभर ठेवून सकाळी वरचं निवळ पाणी जाड सुती फडक्यातून गाळून ओतावं, खालचा गाळ फडक्यासकट वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावा. पाणी नितळ झालं नसेल तर तुरटी कमी पडली आहे, आणखी अर्धा चमचा.

छंदवर्ग चालवणाऱ्यांनी आपल्या पत्रकात ‘ॲक्रेलिक सेट’ या शब्दांच्या जागी सहा ट्यूबची नावं आणि चार ब्रशचे नंबर छापावेत, आणि एक मोठी बादली वर्गातच ठेवावी. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर वार्निशवर लावावी, पाण्याच्या दोन्ही परिच्छेदांवर नको.

आपले,
चित्रकला शिकवणारे काही शिक्षक,
सातारा